कॉलेजातल्या कचऱ्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातला एकही प्रश्न आम्ही, म्हणजे कॉलेजच्या कचरा समितीने, बसून रचलेला नाही. कॅन्टीनच्या रांगेत, स्टाफरूममध्ये, होस्टेलच्या जिन्यात विचारलेले आहेत, आणि एक तर तोंडी परीक्षेला आलेल्या एक्स्टर्नल बाईंनी विचारला होता. उत्तरं पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या कॉलेजच्या अनुभवातली आहेत: कला, वाणिज्य, विज्ञान, एक मुलींचं होस्टेल, एक कॅन्टीन आणि भरपूर जुनी झाडं. मेडिकल कॉलेजांनी यातलं जपून घ्यावं. त्यांच्या कचऱ्याला वेगळे नियम आहेत.

कुठल्या डब्यात काय टाकायचं, एका वाक्यात सांगा.

सुक्यात ओलं जाऊ देऊ नका. बाकी सगळं पुढे निस्तरता येतं.

हिरव्या डब्यात ओला कचरा: उरलेलं अन्न, सालं, देठं, चहाचा चोथा. निळ्यात सुका: कागद, पुठ्ठा, बाटल्या, पिशव्या, डबे, पत्रा. ओल्यात चुकून कागद गेला तर तो कुजून खतच होतो. उलटी चूक महागात पडते. आमच्या झेरॉक्सच्या खोलीत एकबाजू कोऱ्या कागदांचं खोकं भरत आलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी कोणीतरी त्यावर अर्धा प्यायलेला कटिंग ठेवला आणि तो कलंडला. सोमवारी वरचे कागद लाटेसारखे वळलेले, खालचे एकमेकांना चिकटून त्यांची वीट झालेली, कडेला काळी बुरशी. रद्दी न्यायला येणाऱ्या ताईंनी अंगठ्याने एकदा दाबून बघितलं आणि खोकं बाजूला सरकवलं. एवढंच. भिजलेली रद्दी भंगारवाला एक तर घेत नाही, किंवा वजनात इतकी कापतो की उचलायची मजुरीही निघत नाही.

मावशी तर आमच्या डोळ्यांदेखत सगळे डबे एकाच पोत्यात ओततात. मग आम्ही वेगळं कशाला करायचं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि तो बरोबर आहे. पहिलं वर्षभर आमच्याकडे हेच चाललं होतं. समितीच्या प्रत्येक बैठकीत आम्ही मावशींच्या नावाने बोटं मोडत होतो. मग एक दिवस समितीतली एक जण सकाळी सव्वासातला त्यांच्याबरोबर मजले चढली. तेव्हा कळलं, की मावशींकडे ढकलगाडी एक आणि पोतं एक. पहिल्या लेक्चरच्या आत तीन मजले उरकायचे, आणि दोनदा वरखाली करायला त्यांना कोणी वेळ दिलेला नाही. डबे आम्ही थाटात वेगवेगळ्या रंगांचे आणले, त्यांचे फोटो काढले, पण पोतं एकच ठेवलं.

मग दोन गोष्टी केल्या. गाडीच्या दोन्ही बाजूंना लोखंडी आकडे लावून दोन पोती टांगली. आणि वर्गांमधले डबे सरळ काढून टाकले. यावर बराच गदारोळ झाला. पण वर्गातला डबा म्हणजे शेवटच्या बाकावरून नेम धरायची जागा. त्यात काय पडतं हे टाकणाऱ्यालाही माहीत नसतं. आता प्रत्येक मजल्यावर कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना ओला-सुका अशी जोडी आहे. डबे निम्म्याहून कमी झाले, मावशींच्या खेपा कमी झाल्या आणि मिसळणंही कमी झालं. पूर्ण थांबलं असं म्हणणार नाही.

गेटच्या बाहेर गेल्यावर तरी वेगळा राहतो का?

सुक्यातल्या ज्या वस्तूला भाव आहे, ती कोणी मिसळत नाही. पांढरा कागद, पुठ्ठा, बाटल्या, पत्रा हे हाताने निवडलं जातं, पुन्हा निवडलं जातं आणि विकलं जातं. ज्याला भाव नाही त्याचं भवितव्य मात्र कचरा नेणाऱ्या गाडीवर अवलंबून. शहराचा कचरा जिथे नेऊन टाकत, त्या उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याविरुद्ध किती वर्षं आंदोलनं केली हे पुणेकरांना सांगायला नको. तिथले डोंगर मिसळलेल्या कचऱ्याचे होते.

कायद्याने हे बंधनकारक आहे का?

आहे. घनकचऱ्याचे केंद्रीय नियम आधी २०१६ चे होते, त्यांच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून नवे आले. आता वर्गवारी चार प्रकारची: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा (रंगकामाचे डबे, बल्ब, पाऱ्याचे थर्मामीटर, जुनी औषधं). बांधीव क्षेत्र २०,००० चौरस मीटर किंवा अधिक, दिवसाचा पाणीवापर ४०,००० लिटर किंवा अधिक, किंवा दिवसाला १०० किलो किंवा अधिक कचरा, यांपैकी एक जरी लागू झालं तरी तुमचं कॉलेज मोठ्या कचरा उत्पादकांत धरलं जातं. अशा ठिकाणांनी ओला कचरा शक्यतो जागेवरच जिरवावा, असं नियम म्हणतात. होस्टेल असलेल्या कॉलेजांनी पाण्याचा आकडा आधी बघावा. कचऱ्यात सुटलात तरी तिथे सापडाल.

कागदी कप तर कागदाचेच असतात. ते निळ्या डब्यात का नकोत?

कारण आतून त्यांना प्लास्टिकचा पातळ थर असतो. तो नसता तर चहा दोन मिनिटांत टेबलावर आला असता. साध्या कागदाच्या लगद्यात तो थर सुटत नाही, म्हणून रद्दीवाला कप घेत नाही. शिवाय प्रत्येक कपाच्या तळाशी घोटभर चहा असतोच. म्हणजे एकाच वस्तूत न विकला जाणारा कागद आणि विकल्या जाणाऱ्या कागदाचा सत्यानाश करणारं पाणी, दोन्ही.

आमच्या कॅन्टीनमध्ये आता काचेचे ग्लास आहेत. कॅन्टीन चालवणाऱ्या अण्णांचा विरोध होता: ग्लास फुटतात, चोरीला जातात आणि धुवायला माणूस लागतो. तिन्ही खरं निघालं. पण कपांचा महिन्याचा खर्च त्यांनी स्वतःच वहीत मांडून बघितला आणि त्यानंतर तक्रार थांबली. ग्लास बाहेर कट्ट्यावर न्यायचा असेल तर दहा रुपये अनामत. अनामत ठेवल्यापासून ग्लास चालत चालत परत येतात.

सगळा कागद रिसायकल होतो, मग जर्नलं लिहायला काय हरकत आहे?

हिशोब करून बघा. ७५ जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम) ए-फोर कागद साधारण ४.७ ग्रॅमचा, म्हणजे ५०० कागदांचं रीम सव्वादोन किलोच्या थोडं वर. एका वर्गात ६० मुलं, पाच विषय, प्रत्येकाला ४० कागदांचं सबमिशन: १२,००० कागद, २४ रीम, छप्पन किलो. एका वर्गाचे, एका सत्राचे. आणि प्रत्येक कागदाची मागची बाजू कोरी, कारण ‘मागे लिहू नये’ अशी सूचना कोणीतरी कधीकाळी केली होती. ती कोणी आणि का केली, हे आमच्या कॉलेजात आजवर सापडलेलं नाही.

रिसायकलिंगने हे भरून निघत नाही. कागद पुन्हा लगदा होतो तेव्हा त्याचे तंतू दर फेरीला तोकडे होतात. साधारण पाच ते सात फेऱ्यांनंतर त्यात कागद धरून ठेवायची ताकद उरत नाही. शिवाय पांढरा कागद सहसा पांढरा होऊन परत येत नाही. तो खाली घसरतो: आधी करडा पुठ्ठा, मग अंड्यांचा ट्रे. न वापरलेला कागद मात्र जिथे आहे तिथेच असतो.

म्हणून आमच्या समितीचं सगळ्यात मोठं काम डब्यांचं नव्हतं, एका परिपत्रकाचं होतं. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं, छापलेलं सबमिशन सर्व विभागांनी स्वीकारावं. प्लास्टिकची स्टिक फाईल आणि पारदर्शक कव्हर मागू नये. कोपऱ्यात दोऱ्याने किंवा टॅगने बांधलेलं चालेल. छप्पनचे अठ्ठावीस किलो झाले आणि त्यासाठी एकही डबा विकत आणावा लागला नाही. दोन विभाग अजून जुन्याच पद्धतीने चालतात. नावं घेत नाही, मुलांना माहीत आहेत.

कुठला कागद रद्दीत घेत नाहीत?

चहाचा, तेलाचा, भजी बांधलेला कागद नको. एटीएमची, बसची, कॅन्टीनच्या मशीनची गुळगुळीत पावती नको. तिच्यावर रसायनाचा थर असतो. लॅमिनेशन केलेली प्रमाणपत्रं, चमकीच्या लग्नपत्रिका, कार्बन पेपर नको. स्पायरल काढून द्या. काढायला अर्धं मिनिट लागतं आणि काढलेली स्पायरल झेरॉक्सवाले मामा परत वापरतात.

स्टेपलरच्या पिना काढायच्या का?

नको. गिरणीत त्या वेगळ्या होतात. सेलोटेप मात्र काढा.

प्लास्टिकचं काय काय विकलं जातं?

पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांना, म्हणजे तळाशी १ आकडा असलेल्या पेटला, चांगली मागणी असते. त्यांचा धागा होतो, त्याचं कापड होतं. ओतून रिकाम्या करा, चपट्या करा. शॅम्पूच्या, फिनेलच्या घट्ट बाटल्या (आकडा २) आणि जेवणाचे डबे (आकडा ५) हेही चालतं, पण धुतलेलं असेल तर. पार्सलच्या डब्यात तळाशी पनीरची ग्रेव्ही ठेवून तो सुक्यात टाकणारा माणूस आणि रद्दीवर कटिंग ठेवणारा माणूस एकाच घराण्यातले.

दुधाच्या पिशव्या सोन्यासारख्या. धुवून वाळवल्या की लगेच जातात. फक्त कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, चीर देऊन लटकता ठेवा. तोडलेला तो नखाएवढा त्रिकोण कोणाच्याच हाती लागत नाही आणि थेट गटारात जातो. कॅन्टीनमध्ये दिवसाला किती पिशव्या फुटतात ते बघा, म्हणजे त्रिकोणांचा अंदाज येईल.

चिप्सची, बिस्किटांची आतून चकाकणारी पाकिटं कोणी विकत घेत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते स्वस्तात सुटत नाहीत. ती बहुतेक वेळा सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात. याला रिसायकलिंग म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल. मी म्हणत नाही.

रद्दीचे पैसे कोणाला मिळतात? कॉलेजच्या निधीत का जमा होत नाहीत?

दरवर्षी कोणीतरी हिशेबनीस वृत्तीचा माणूस हे विचारतो. उत्तर असं की आमच्याकडे सुका कचरा न्यायला येणाऱ्या दोन ताई तो निवडतात, विकतात आणि पैसे त्यांचे. निवडणं हे काम आहे. ते फुकट करून घ्यायचं आणि वर भावातही वाटा मागायचा, हे आम्हाला जमलं नाही.

या कामाचा पुण्यातला इतिहास एका शिक्षणसंस्थेच्या आवाराशीच जोडलेला आहे, हे फार थोड्या कॉलेजांना ठाऊक असतं. कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटी महिला विद्यापीठातून प्रौढ शिक्षणाचं काम करणाऱ्या कार्यकर्त्यांची गाठ कचरा वेचणाऱ्या बायकांशी पडली. त्यातून १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. बाबा आढावांचं नेतृत्व तिला लाभलं. उकिरड्यात उतरून वेचण्याऐवजी दारातूनच वेगळा कचरा मिळावा, तो मिळणं हा हक्क मानला जावा, ही मागणी तिथली. पुढे ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था झाली आणि २००८ मध्ये पुणे महापालिकेशी तिचा घरोघरी कचरा गोळा करण्याचा करार झाला. आज तुमच्या सोसायटीत येणाऱ्या ताई बहुधा त्याच संस्थेच्या सभासद असतात.

तर कॉलेजला पैसे मिळत नाहीत. कॉलेजला आठवड्यातून दोनदा रिकामी होणारी खोली मिळते. ज्यांनी रद्दीची खोली उन्हाळाभर बंद ठेवून मग उघडली आहे, त्यांना याची किंमत कळेल.

मेसमध्ये अन्न फार वाया जातं. काय करता येईल?

फलक लावून काही होत नाही. ‘अन्न हे पूर्णब्रह्म’ लिहिलेल्या भिंतीखालीच ताटं रिकामी होताना आम्ही पाहिली आहेत.

दोन उपाय चालले. पहिला, वाढायची पद्धत बदलली. भाताचा डाव लहान केला, दुसऱ्यांदा हवा तेवढा घ्या म्हटलं. दुसरा, ताटातलं उरलेलं एकाच पारदर्शक पिंपात टाकायचं आणि रात्री त्याचं वजन खडूने फळ्यावर लिहायचं. कोणाचं नाव नाही, उपदेश नाही, नुसता आकडा. मुलींनी आपणहून कारणं शोधली. सोमवारची दुधीची भाजी पिंपात सगळ्यात जास्त असते, असं लक्षात आलं. काकूंनी दुधीचे कोफ्ते केले आणि आकडा उतरला. परीक्षेच्या आठवड्यात पिंप पुन्हा भरतं. तेव्हा कोणी जेवत नाही.

शिजवलेलं पण न वाढलेलं अन्न त्याच रात्री दुसऱ्याच्या पोटात जायला हवं. आमच्याकडे ते रखवालदार आणि मावशी घरी नेतात. याला परवानगी लागते असं एकदा सुचवण्यात आलं होतं. सूचना वहीत आहे.

ओल्या कचऱ्याचा गॅस करता येतो का?

येतो. पुण्यातल्या आरती या संस्थेचं, डॉ. आनंद कर्वे यांनी विकसित केलेलं छोटं बायोगॅस संयंत्र शेणाऐवजी खरकट्यावर चालतं. या कामाला २००६ मध्ये शाश्वत ऊर्जेसाठीचा अॅशडेन पुरस्कार मिळाला. पण त्याला रोज खायला घालावं लागतं, दिवाळीतही आणि मे महिन्यातही. कॉलेज सुट्टीला गेलं की संयंत्र उपाशी. वर्षभर चालणारं होस्टेल असेल तर जरूर करा. नाहीतर खत बरं. ते वाट बघतं.

झाडांची पानं जाळली तर काय बिघडतं? पूर्वी जाळतच होते.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे, हे एक. दुसरं म्हणजे ओल्या कचऱ्याचं खत करायला तुम्हाला ज्या एका गोष्टीची सगळ्यात जास्त गरज असते, तीच तुम्ही जाळता.

खरकट्यात नायट्रोजन आणि पाणी जास्त, वाळल्या पानांत कार्बन जास्त. जिवाणूंना एका भाग नायट्रोजनामागे २५ ते ३० भाग कार्बन लागतो. व्यवहारात याचा अर्थ एक बादली ओला कचरा आणि त्यावर दोन बादल्या वाळली पानं. पान ओलावा शोषतं, मधे हवा खेळती ठेवतं, वास दाबतं. खड्ड्यात सगळं जमायला लागलं की आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जातं. फेब्रुवारीतल्या सकाळी ढीग उपसला तर वाफ दिसते. पहिल्यांदा बघणारी मुलं हात पुढे करतात, अगदी शेकोटीसारखे.

पानांचा हंगाम फेब्रुवारी ते एप्रिल. ओल्या कचऱ्याला हंगाम नाही. त्यामुळे गोम साठवणुकीत आहे. पानं झडतात तेव्हा ती सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत भरून, तोंड शिवून, पत्र्याच्या शेडखाली रचून ठेवा. जुलैत, सगळं चिंब असताना, कोरड्या पानांची एक गोणी म्हणजे काय हे तेव्हाच कळतं. आम्ही पहिल्या वर्षी पन्नासेक गोण्या उघड्यावर रचल्या आणि जूनच्या पहिल्या पावसात घालवल्या. ओलाव्याने पुन्हा आम्हालाच धडा शिकवला.

झाड बघून पान घ्या. पर्जन्यवृक्षाची, गुलमोहराची बारीक पानं पटकन कुजतात. बदामाचं जाड पान महिनोन्‌महिने तसंच राहतं. ते तोडून, तुडवून घाला किंवा कोंबड्यांच्या जाळीचा पिंजरा करून वेगळं ठेवा आणि पुढच्या वर्षापर्यंत विसरा.

खताच्या खड्ड्याला वास येतो आणि त्यात अळ्या आहेत. बंद करा.

अशा अर्जावर स्टाफरूममधल्या अकरा सह्या आल्या होत्या, म्हणून सविस्तर.

कुजक्या अंड्यासारखा वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. उपसा, वाळली पानं घाला. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओला कचरा जास्त, पुन्हा पानंच घाला. तपासायची सोपी रीत: खड्ड्यातली मूठ घट्ट दाबा. हात ओलसर झाला पण थेंब टपकला नाही, तर बरोबर. टपकला तर ओलं. दाबूनही मूठ विस्कटली तर पाणी शिंपडा.

अळ्या बहुतेक करून काळ्या सैनिक माशीच्या असतात. करड्या, जाड, झपाझप खाणाऱ्या. त्या घाण पसरवत नाहीत, उलट खरकटं भराभर संपवतात. तरी बघवत नसतील तर वर पानांचा वीतभर थर द्या. अर्ज आम्ही फाडला नाही, पाठकोरा म्हणून वापरला.

सॅनिटरी पॅडची व्यवस्था काय?

कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका करून, वेगळ्या झाकणाच्या डब्यात. लाल ठिपक्याची पद्धत पुण्यातल्या वेचकांच्या मागणीतून आली, कारण साधी पुडी समजून ती उघडणारे हात त्यांचे असतात. स्वच्छतागृहात जुनी वर्तमानपत्रं आणि लाल पेन दोरीला बांधून ठेवलं आहे. पेन दर पंधरवड्याला नाहीसं होतं, आम्ही दर पंधरवड्याला नवं बांधतो.

जुने कॉम्प्युटर वर्षानुवर्षं स्टोअरमध्ये पडून का आहेत?

कारण ते कागदावर अजून जिवंत आहेत. डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंद असलेली वस्तू निर्लेखन झाल्याशिवाय, म्हणजे नोंदीतून रीतसर कमी केल्याशिवाय, बाहेर काढता येत नाही. निर्लेखनाला समिती लागते, समितीला बैठक लागते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार हा माल नोंदणीकृत रिसायकलरकडे जायला हवा. गल्लीतल्या भंगारवाल्याला दिला तर तो तांब्यासाठी वायरी जाळतो. वर्षातून एक तारीख ठरवून सगळ्या विभागांचं निर्लेखन एकदम करा, हार्डडिस्क पुसून घ्या, रिसायकलरकडून प्रमाणपत्र घ्या. ट्यूबलाइट आणि सीएफएल फोडू नका, त्यात पारा असतो. मूळ खोक्यात उभ्या ठेवा.

प्रयोगशाळेतलं सिंकमध्ये ओतलं तर चालतं का?

सौम्य आम्ल-अल्क उदासीन करून, भरपूर पाण्याबरोबर. क्रोमेट, पारा, शिसं, चांदीचे क्षार आणि सेंद्रिय द्रावक नाही. त्यांचे वेगवेगळे कॅन, वर तारखेसह चिठ्ठी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्लेटा आधी ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाने जंतू मारणारं यंत्र), १२१ अंशांवर. फुटलेला बीकर काचेच्या बाटल्यांत टाकू नका. बोरोसिलिकेट काच वेगळ्या तापमानाला वितळते आणि अख्खी घाण बिघडवते. (घाण म्हणजे इथे भट्टीतला एका वेळचा माल. कचऱ्याच्या पानावर हा शब्द दुसऱ्या अर्थाने वाचला जाणार, म्हणून खुलासा.)

गॅदरिंग आणि फेस्टला काही सूट?

उलट. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, ते कोणी परत घेत नाही. कापडावर रंगवा, किंवा निदान साल छापू नका म्हणजे पुढच्या वर्षी चालेल. थर्माकोलच्या सजावटीवर, प्लास्टिकच्या प्लेटा-चमच्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, देशभरात १ जुलै २०२२ पासून. राज्याचा दंड पहिल्यांदा ५,००० रुपये, दुसऱ्यांदा १०,०००. तो कल्चरल सेक्रेटरीच्या खिशातून जाणार नाही, म्हणून बहुधा हा विषय त्याला रुचत नाही.

नाटकवाल्यांचं मात्र कौतुक. फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या तालमीत एकच प्लायवूडचा दरवाजा चार वर्षं वेगवेगळ्या रंगांत उभा राहिलेला मी पाहिला आहे.

हे सगळं नॅकसाठी आहे ना?

नॅक म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. तिच्या तपासणीत कचरा व्यवस्थापनही बघतात, त्यामुळे तेव्हा नवे डबे येतात हे खरं. आम्ही त्याच वेळेला गाडी, शेड आणि वजनकाटा मागून घेतो. लोखंड तापलेलं असताना.

कचऱ्याची मोजणी प्रोजेक्टला घेता येईल का?

पर्यावरणाच्या प्रोजेक्टला याहून चांगला विषय नाही. सलग तीन दिवस, तेही साधे. फेस्ट किंवा सुट्टीला लागून नको. ताडपत्री पसरा, एका इमारतीचा दिवसाचा कचरा ओता, ढीग करा: ओला, कागद, पुठ्ठा, पेट, पिशव्या, चकाकीची पाकिटं, इतर. प्रत्येक ढिगाचं वजन स्प्रिंगच्या काट्याने. जाड हातमोजे, बंद बूट. सॅनिटरीचा डबा आणि प्रयोगशाळेचा कचरा यात आणायचा नाही. वजनाबरोबर आकारमानही लिहा. पाकिटं वजनाला नगण्य असतात आणि पोती तीच भरतात.

‘इतर’ हा ढीग मोठा निघाला तर निवडायचा कंटाळा केला आहे असं समजा.

समितीत यायचं असेल तर?

बुधवारी चार वाजता, सायकल स्टँडच्या मागे, शेडपाशी. जुने कपडे घाला. चहा मिळतो, ग्लास धुवून ठेवावा लागतो.